‘नियमन’ या पदाची मर्यादा

एखादे विधान शास्त्रीय लेखनात वारंवार येऊ लागले, म्हणजे त्यातील शब्दांची पारख करण्याचे सहसा कोणास सुचत नाही. ‘आसंजन प्रथिने पेशीतील स्वभक्षणाचे नियमन करतात’ हे विधान अशांपैकीच होय. त्यातील तीन पदे परीक्षणास पात्र आहेत.

पहिले पद ‘आसंजन’. या शब्दाने डिंकासारख्या निष्क्रिय चिकटपणाचा बोध होतो. वस्तुतः इंटेग्रिन ही प्रथिने पेशीपटलाच्या आरपार असतात. बाहेर ती आधारद्रव्याला धरून असतात, तर आत मध्यस्थ प्रथिनांच्या द्वारे पेशीच्या सांगाड्याशी जोडलेली असतात. पेशीस आधार आहे की नाही, ही वार्ता तीच आत पोचवितात. १९८६ साली ‘इंटेग्रिन’ हे नाव योजताना आतबाहेरचा हा दुवाच अभिप्रेत होता.

दुसरे पद ‘स्वभक्षण’. मूळ ‘ऑटोफॅजी’ ही संज्ञा क्रिस्तियान द दूव्ह यांनी १९६३ मध्ये रूढ केली. पेशी आपलेच काही भाग दुहेरी पटलाच्या पिशवीत कोंडते. ती पिशवी लयकारिकेशी एकरूप होते आणि विघटित द्रव्ये पुन्हा उपयोगात येतात. तथापि शब्द ऐकताच आत्मनाशाचा भास होतो. स्तनग्रंथीच्या पेशींच्या संवर्धनात पोकळीतील मरणाऱ्या पेशींत अशा पिशव्या विपुल आढळल्या, तेव्हा स्वभक्षण मृत्यूस साहाय्य करीत असावे, असा तर्क पुढे आला. आधार सुटल्याने येणाऱ्या या मृत्यूस १९९४ पासून ‘अनॉइकिस’, म्हणजे गृहहीनता, असे ग्रीक नाव आहे. परंतु जयंत देबनाथ व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये निराळेच दाखविले. आधार सुटताच स्वभक्षण वाढते हे खरे; पण त्यास आवश्यक असलेली प्रथिने घटविली असता पेशींचा मृत्यू वाढतो. म्हणजे घटनास्थळी सापडला म्हणून वैद्यासच मारेकरी ठरविण्यासारखा तो तर्क होता.

तिसरे पद ‘नियमन’. येथे दोष व्याकरणाचा आहे. वाक्यात प्रथिने कर्ता व स्वभक्षण कर्म असल्याने सर्व अधिकार एकाच बाजूस जातो. शिवाय नियमन म्हणजे उत्तेजन की निरोध, हेही कळत नाही. उलट, २०१६ मध्ये त्याच संशोधकगटाने असे दाखविले की, एनबीआर१ या प्रथिनाच्या साहाय्याने स्वभक्षण आसंजनस्थळांची उकल घडविते व त्यामुळे पेशीस स्थलांतर सुकर होते. येथे कर्मच कर्ता झाले आहे.

संक्षेपासाठी असे पद लागतेच, हा बचाव अगदीच अग्राह्य नाही. परंतु संक्षेपाची किंमत अभ्यासकास मोजावी लागते. मूळ स्थान सोडून निघालेल्या कर्करोगाच्या पेशीविषयी विचार करताना स्वभक्षण म्हणजे मृत्यू असे गृहीत धरले, तर ते वाढविणे हाच उपाय वाटेल; आणि कदाचित त्यानेच ती पेशी तग धरील.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने निदान एवढे तरी म्हणावे : ‘आधाराशी असलेला बंध तुटला की स्वभक्षण वाढते व पेशीस जगविण्यास मदत करते, स्वभक्षणही प्रसंगी ते बंध सोडविते.’ वाक्य लांबले खरे, पण कोण काय करतो हे त्यात सांगितले आहे.