पानेरो-झेल्निकच्या पुस्तकातला माणूस

कला महाविद्यालयात इंटिरियर शिकून आता पीएच.डी.च्या प्रस्तावाची जुळवाजुळव करताय ना? मग आज एका पुस्तकाबद्दल बोलू. ज्युलियस पानेरो आणि मार्टिन झेल्निक यांचं ‘ह्यूमन डायमेन्शन अँड इंटिरियर स्पेस’ (१९७९). तुम्ही ते वापरलेलं असणार, निदान त्याची झेरॉक्स तरी. पण वाचलंय का? कारण झेरॉक्स होते ती शेवटच्या भागातल्या आकृत्यांची. जेवणाच्या टेबलामागे किती जागा सोडायची, सोफ्यापुढून चालायला किती लागते, वगैरे. ही मापं कशी वापरू नयेत हे सांगणारा पहिला भाग बहुतेकदा तसाच राहतो.

आणि खरं पुस्तक तिथेच आहे. म्हणणं थोडक्यात असं, की ‘सरासरी माणूस’ नावाचा माणूस नसतो. शंभर जणांना उंचीच्या क्रमानं उभं करा. दार करायचं तर पंचाण्णवावा माणूस न वाकता गेला पाहिजे. फळी लावायची तर पाचव्याचाही हात पोचला पाहिजे. सरासरी धरलीत तर जवळजवळ निम्म्यांचा हात पोचणारच नाही. शिवाय उंचीत पाचवा असलेला माणूस हाताच्या लांबीतही पाचवा असेलच असं नाही. पर्सेंटाइल म्हणजे काय, ते इतकंच. यासाठी मी या पुस्तकाला पैकीच्या पैकी मार्क देईन.

माझी तक्रार आकृत्यांबद्दल आहे. तक्त्यात पुष्कळ माणसं असतात. आकृतीत एक गुळगुळीत, बिनचेहऱ्याचा माणूस उरतो आणि डोळा त्याच्यावरच विश्वास ठेवतो. पहिल्या भागात दिलेली ताकीद शेवटच्या भागातलं चित्रच पुसून टाकतं. या मापांचा एक मोठा आधार म्हणजे अमेरिकेत १९६०-६२ मध्ये १८ ते ७९ वयाच्या लोकांची झालेली आरोग्य पाहणी. हे आकृतीकडे बघून कळत नाही.

आता घाईनं ‘पाश्चात्त्य मापे भारतीयांना गैरलागू’ असा प्रस्ताव लिहायला बसू नका. ते सांगून झालंय. देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ मध्येच काढलं. त्यात जमिनीवर बसलेल्या माणसाचीही मापं आहेत. म्हणजे तक्ता बदलून प्रश्न सुटत असता तर एव्हाना सुटला असता.

ओट्याचंच बघा. अमेरिकी घरांत त्याची उंची साधारण ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. आपण दोन-तीन इंच कमी करतो आणि ‘भारतीय संदर्भ’ झाला म्हणतो! पण भाजी चिरताना हात जिथे सोयीचा, तिथे पोळी लाटताना नसतो, कारण लाटण्यावर वरून जोर द्यावा लागतो. आणि विळी घेतली की कामच जमिनीवर उतरतं. एकाच बाईची, एकाच सकाळी, तीन मापं. यातलं कुठलं ‘तिचं’ माप?

इथे कला महाविद्यालयाचा विद्यार्थी पुढे असायला हवा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इंटिरियर डेकोरेशन हे चित्रकला-शिल्पकलेच्या शेजारी शिकवलं जातं. अशा शेजारात माणूस समोर बसवून काढायची सवय असते. वजन कुठल्या पायावर आहे, खांदा कुठे पडलाय, हे सगळं दिसायला लागतं. आणि त्याच आवारात इंटिरियरच्या शीटवर मात्र माणूस ट्रेस केलेला असतो. मला हे फार विचित्र वाटतं. हातात असलेलं निरीक्षणाचं साधन आपण ‘फाउंडेशनचा विषय’ म्हणून मागे टाकून देतो.

तेव्हा प्रस्तावात स्केचबुक ही पद्धत म्हणून लिहा, परिशिष्ट म्हणून नको. सोबत टेप ठेवा, वेळ नोंदवा, घरच्यांची परवानगी घ्या. गाइड विचारतील, ‘बारा घरांवरून काय सिद्ध होणार?’ टक्केवारी नाहीच होणार, आणि तसा दावा करूही नका. पण तक्ता करणाऱ्यांनी कुठली हालचाल मोजायलाच घेतली नाही, हे दाखवायला बारा स्वयंपाकघरं पुरू शकतात.