रँड आठवतो, रोगी आठवत नाही

२२ जून १८९७ ही तारीख उच्चारली की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या वॉल्टर चार्ल्स रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला वारला. त्याच दिवशी, त्याच समारंभाच्या निमित्ताने, म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मणी यांनी बंगळुरात एका रुग्णालयाची कोनशिला बसवली. तेच आजचे व्हिक्टोरिया हॉस्पिटल. चामराजपेटमधून कृष्णराजेंद्र मार्केटकडे निघाले की ते लागते आणि त्याच्या बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग कधी आटत नाही.

योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे. पण चामराजपेटला राहून मराठी वाचणाऱ्याला या तारखेचे दोन अर्थ एकदम दिसतात, आणि मग एक प्रश्न सतावू लागतो. प्लेगची मराठी आठवण म्हणजे एका अधिकाऱ्याच्या वधाची आठवण कशी झाली? साथ म्हणजे आजार, मृत्यू, सेवा, भीती, विलगीकरण, आणि राज्यसत्तेचा घरात शिरलेला हात. यांतला शेवटचा हात आपल्याला नीट आठवतो. बाकीचे कुठे गेले?

या आठवणीची सर्वांत गंभीर आणि सर्वांत प्रामाणिक कलाकृती म्हणजे जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ सालचा चित्रपट, ‘२२ जून १८९७’. संवाद विजय तेंडुलकरांचे. पटकथेत शंकर नाग यांचाही हात होता, हे इथल्या कन्नड मित्रांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. पुढे ‘मालगुडी डेज’मुळे घरोघरी पोहोचलेला हा माणूस मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडला होता. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ते योग्यच होते. हुतात्मापटांत सर्रास आढळणारी आरती इथे नाही. वाडे, देवघरे, अंगरखे, पगड्या यांची मांडणी इतकी काटेकोर आहे की इतिहास सजावट न होता वस्ती होतो. चापेकरांचे कर्मठपण लपवलेले नाही. ज्या सोवळ्याला सैनिकाचा बूट लागल्याने त्यांचे रक्त तापते, ते सोवळे इतर माणसांना किती दूर ठेवणारे होते, हेही जाणत्या प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

या संयमाला आधार आहे तो दामोदर हरि चापेकरांच्या आत्मवृत्ताचा. तुरुंगात लिहिलेला हा मजकूर वाचला की सोपा हुतात्मा हाती लागत नाही. पुण्यात प्लेगच्या झडत्या सुरू होण्याआधीच दामोदरपंतांनी राणीच्या मुंबईतल्या पुतळ्याला डांबर फासले होते. सुधारकांवरचा त्यांचा राग इंग्रजांवरच्या रागाहून फार कमी नव्हता. म्हणजे प्लेगने हा राग निर्माण केला नाही, त्याला एक चेहरा पुरवला. चित्रपटकर्त्यांना हे समजले होते, आणि १९७९ साली ते दाखवायला धैर्य लागत होते.

तरीही माझी तक्रार याच चित्रपटाबद्दल आहे, कारण तक्रार करण्याइतका तो चांगला आहे. या साथीच्या कथेत रोगी हे पात्र नाही. रोग येतो तो झडतीचे कारण म्हणून आणि झडती येते ती सूडाचे कारण म्हणून. कारणाचे काम झाले की कारण पडद्यावरून निघून जाते. चित्रपटाचे नावच तारीख असल्यामुळे सारी कथा त्या रात्रीकडे उतरत जाते, त्या उतारावर थांबून कोणी विचारत नाही की झडती चुकीची होती तर बरोबर काय झाले असते. रँडने काय करायला हवे होते, हा प्रश्न मराठी लेखनाने क्वचितच मनावर घेतला. सार्वजनिक आरोग्याचा नैतिक पेच मात्र तिथेच आहे.

पेच खरा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते उपाय योजण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही अशी हमी. ज्याला घरातून उचलून नेले जाईल त्याला काय मिळेल, त्याच्या माणसांना कोण कळवेल, त्याने दाद कुठे मागावी, याबद्दल त्या चार कलमांत चकार शब्द नाही. १३ मार्चपासून गोरे सैनिक पुण्याच्या घराघरांत शिरले ते या कायद्याच्या बळावर. त्यांची माजघरातली धिटाई आपण शंभर वेळा वाचली आहे. त्या धिटाईला मोकळे रान देणाऱ्या कायद्याची रचना मात्र आपण फारशी वाचली नाही. रँड मेला. कायदा मात्र जिवंत राहिला.

त्यात ज्ञानही अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवेचा वाटा पॉल-लुई सिमोंने मांडला तो १८९८ मध्ये, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १८९७ चे सरकार माणसे वेगळी करत होते, सामान जाळत होते, जमिनी धूत होते, आणि उंदीर शेजारच्या वाड्यात जात होते. हे त्या वेळी माहीत नसणे हा गुन्हा नव्हे. पण ज्याला आपले ज्ञान अपुरे असल्याची जाणीव आहे, त्याने दुसऱ्याच्या घरात शिरताना हात अधिक हलका ठेवायला हवा. बळजबरीचा अधिकार खात्रीबरोबर वाढावा. तिथे तो घाबरटपणाबरोबर वाढला.

बरोबर काय झाले असते याचे उत्तर त्याच पुण्यात, त्याच महिन्यात होते. सावित्रीबाई फुले यांचा मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता. त्याने गावाबाहेर ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी तिथवर उचलून आणले. मुलगा वाचला, त्यांना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. ससाणे मळा हेही विलगीकरणच होते. रोग्याला वस्तीबाहेरच नेले होते. पण तिथे नेणारी बाई रोग्याबरोबर गेली होती. या तीन दिवसांच्या अंतरावर एक उत्तम कादंबरी उभी राहू शकली असती. आपण सावित्रीबाईंचा मृत्यू शिक्षणाच्या चरित्रात ठेवला, रँडचा क्रांतीच्या, आणि दोन्ही प्रकरणे एकाच साथीची आहेत हे विसरलो.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. प्लेग रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत बायकांना कसे वागवले जाते, आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे काय झाले, हे त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून जाहीर विचारले. इंग्लंडात असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर आरोप केले, परतल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांनी माफी मागितली. प्लेग कमिटीने तर स्त्रियांच्या विनयभंगाची विश्वासार्ह अशी एकही तक्रार आली नाही, असे समाधानाने नोंदवून ठेवले. आपल्या राजकीय इतिहासात ही हकीकत ‘गोखल्यांची माफी’ म्हणून येते. म्हणजे प्रश्न एका मुलीचा होता आणि नाव पडले ते एका पुरुषाच्या मानहानीचे. ‘विश्वासार्ह’ तक्रार कोणती हे कोण ठरवणार, हा रमाबाईंचा खरा सवाल होता. विलगीकरणाच्या दाराआड घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार कुठून आणायचा? आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या कुठल्याही वर्गात हा सवाल चालेल. मराठी चित्रपटाला आणि नाटकाला तो पुरेसा नाट्यपूर्ण वाटला नाही.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेग बंगळुरात आला. म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर नेमला तो व्ही. पी. माधवराव यांना. विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, पुढे म्हैसूरचे दिवाण. म्हणजे पुण्यात रँडच्या जागी जे काम होते ते इथे एका मराठी माणसाकडे आले. याबद्दल मराठीत एखादे नाटक सोडाच, एखादा धडही लेख माझ्या वाचनात नाही. आपल्या साच्यात तो बसत नाही हेच कारण असावे. झडती घेणारा परका असला की कथा सोपी होते. तो आपल्यातलाच निघाला की तिला विचार करावा लागतो. संस्थानातही सारे सुरळीत नव्हते. श्रीरंगपट्टणजवळ गंजाम येथे १८९८ सालीच प्लेगच्या उपायांविरुद्ध दंगल झाली. राजा आपला आणि अधिकारी आपला असला तरी माणसे चिडली. यावरून दिसते की चीड केवळ परकेपणाची नव्हती. दुसरीकडे दाटीवाटीच्या जुन्या पेठांवरचा उपाय म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही मोकळी उपनगरे आखली गेली, आणि लोकांनी आपल्या परीने प्लेगअम्माची देवळे बांधली. बंगळूरच्या आठवणीत साथ अशी रस्त्यांच्या रुंदीत आणि देवळांत मुरली आहे. तिथे खलनायक नाही, हुतात्माही नाही. ही आठवण अधिक शहाणी आहे असे मी म्हणणार नाही, कारण गंजामची दंगल तिने सोयीस्करपणे पुसली. पण साथ म्हणजे सूड एवढेच समीकरण तिने केले नाही.

हे सारे जुने म्हणून सोडून देता आले असते. पण २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा देशभर पुन्हा वापरला गेला. चामराजपेट विधानसभा मतदारसंघातला पादरायनपुरा हा दाट, कष्टकरी, बहुतांशी मुस्लिम वस्तीचा भाग तेव्हा बंद केला होता. १९ एप्रिलच्या रात्री रोग्यांच्या संपर्कातल्या माणसांना विलगीकरणात न्यायला आरोग्य कर्मचारी आले, तेव्हा जमावाने अडथळे पाडले, मोडतोड केली. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, त्यांना रामनगरच्या तुरुंगात नेले, त्यांतले काही बाधित निघाले, आणि मग सगळ्यांना परत आणावे लागले. साथ रोखण्यासाठी उचललेली माणसेच दुसऱ्या गावात साथ घेऊन गेली की काय, अशी धास्ती निर्माण झाली. तीन दिवसांत केंद्राने १८९७ च्या कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी दुरुस्ती केली, कर्नाटकानेही स्वतःचा वटहुकूम काढला.

त्या कर्मचाऱ्यांना संरक्षण हवेच होते. तुटपुंज्या मानधनावर दारोदार फिरणाऱ्या आशाताईंवर हात उगारणाऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि गणेशखिंडीची तुलना पादरायनपुऱ्याशी करून कोणाला हुतात्मा ठरवण्याचाही माझा विचार नाही. मला खुपते ते दुसरेच. दारावर आलेल्या झडतीला विरोध करणाऱ्यांचे पुतळे ज्यांनी उभारले, त्याच समाजातल्या अनेकांना त्या एप्रिलमध्ये पादरायनपुऱ्यात फक्त दंगेखोर दिसले. नेतात कुठे, किती दिवस, तिथे जेवण काय, घरच्या म्हाताऱ्याचे कोण बघणार, रोजगार बुडाला तर कोण देणार, हे प्रश्न तिथेही असणार, असे कोणाच्या मनात आले नाही. १८९७ ची गोष्ट आपण स्वतःला फक्त अपमानाची गोष्ट म्हणून सांगत आलो. त्यामुळे दुसऱ्याच्या वस्तीत तीच वेळ आली तेव्हा ती ओळखण्याइतके शब्दच आपल्याजवळ उरले नाहीत. साहित्याने आणि चित्रपटाने केलेली निवड ती अशी समाजाच्या वागण्यात उतरते.

साथीत बळ वापरावेच लागत नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. टिळकांनीही रँडच्या पद्धतीवर टीका केली तरी रोग्यांना वेगळे ठेवण्याची गरज नाकारली नाही. पुढारी शहर सोडत असताना ते पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. तेव्हा बळ वापरायचे की नाही यावर वाद घालून फारसे हाती लागत नाही. ज्याला वेगळे काढले त्याच्यासाठी सरकारने आणि शेजाऱ्यांनी काय बांधून घेतले, हे विचारले पाहिजे: उपचार, घरी निरोप, बुडालेली मजुरी, तक्रारीची जागा, आणि ऐकून घेणारा माणूस. १८९७ च्या कायद्यात यांतले काही नव्हते. आपल्या कलाकृतींनी त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवायला हवे होते.

पटवर्धनांचा चित्रपट आज पुन्हा पाहावा, आणि आवर्जून पाहावा. मराठी चित्रपटाने इतिहासाशी इतक्या सचोटीने वागल्याची उदाहरणे थोडीच आहेत. पण पाहताना सैनिकांनी बाहेर काढलेल्या माणसावर नजर ठेवावी, आणि कॅमेरा वाड्याकडे वळला की विचारावे की याला आता कुठे नेले. चित्रपट सांगत नाही. त्याचे उत्तर लिहिण्याचे काम अजून कोणीतरी करायचे राहिले आहे.