साक्ष आणि निवाडा : डीबगरच्या संदेशांचे भाषांतर

१

मराठीतील भाषांतरचर्चा आजवर प्रामुख्याने दोन टोकांना वावरत आली आहे. एका टोकाला ललितकृतीचे भाषांतर आहे. तेथे शैली, लय, सांस्कृतिक संदर्भ आणि मूळ लेखकाचा आवाज यांची चर्चा होते. दुसऱ्या टोकाला परिभाषा आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर शासनव्यवहार आणि ज्ञानव्यवहार यांसाठी जे कोशकार्य झाले, त्याने मराठीला मोठी शब्दसंपत्ती दिली; परंतु त्याचबरोबर व्यावहारिक मजकुराचे भाषांतर म्हणजे प्रतिशब्दांची निश्चिती, असा एक समजही रूढ केला. वाक्य हे या दुसऱ्या टोकाला जवळजवळ अनुपस्थित राहिले. शब्द शुद्ध आहे की क्लिष्ट, संस्कृतोद्भव आहे की रूढ, याचा वाद झाला. त्या शब्दांनी बनलेले वाक्य कोणता दावा करते आणि त्या दाव्याची जबाबदारी कोणावर पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

हा प्रश्न टाळताच येणार नाही अशी एक संहिता म्हणजे डीबगरचे संदेश आणि त्याचा साहाय्य-मजकूर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला ग्नू डीबगर, म्हणजेच जीडीबी, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. चालत्या प्रोग्रॅमला ठरावीक ओळीवर थांबविणे, त्या क्षणी चलांची मूल्ये काय आहेत हे दाखविणे, प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे नेणे आणि कोसळलेल्या प्रोग्रॅमची अखेरची अवस्था तपासू देणे, ही त्याची कामे होत. ही कामे करताना तो वापरणाऱ्याशी इंग्रजी वाक्यांत बोलतो. ही वाक्ये प्रोग्रॅमला हात न लावता अन्य भाषांत नेण्याची सोय ग्नू प्रकल्पाच्या गेटटेक्स्ट या साधनाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उपलब्ध करून दिली. मूळ वाक्यांची एक सूची तयार होते, भाषांतरकार प्रत्येक वाक्यासमोर आपले वाक्य लिहितो आणि चालू असताना प्रोग्रॅम योग्य ते वाक्य उचलतो. केडीई आणि ग्नोम या संगणकपटलांचे मराठी रूप याच पद्धतीने सिद्ध झालेले आहे. तेथील बहुतेक मजकूर मात्र 'उघडा', 'जतन करा' अशा नामफलकांचा असतो. डीबगर बोलतो ती पूर्ण विधाने असतात. त्यामुळे या भाषांतराने नेमके कशाशी इमान राखावयाचे, हे येथे तपासणे उद्बोधक ठरते.

२

'डीबगर' या नावापासूनच अडचण सुरू होते. हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी सापडलेला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवलेला पतंग या शब्दाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पण यंत्रातील बिघाडाला 'बग' म्हणण्याची रीत त्याहून जुनी असून एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारातही ती आढळते. इंग्रजीत हे रूपक आता झिजून गेले आहे. मराठीत 'दोषमार्जक' किंवा 'दोषनिवारक' असा प्रतिशब्द योजला की झिजलेला अर्थ पुन्हा धारदार होतो आणि त्याबरोबर एक असत्यही रूढ होते. डीबगर कोणताही दोष दूर करीत नाही. दोष आहे हेदेखील तो सांगत नाही.

हे विधान भारतीय काव्यशास्त्राच्या परिचितांना विशेष अर्थपूर्ण वाटेल. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात दोषांची मांडणी करताना मुख्य अर्थाला होणारी इजा हे दोषाचे लक्षण मानले आहे. म्हणजे दोष ठरविण्यासाठी मुख्य अर्थ कोणता, हे आधी ठाऊक असावे लागते. प्रोग्रॅम डीबगरपुढे येतो तेव्हा त्याची व्याकरणशुद्धता कंपायलरने आधीच तपासलेली असते. उरलेला दोष हा व्याकरणाच्या आतच राहून इष्ट अर्थापासून ढळण्याचा असतो. इष्ट अर्थ मात्र केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात आहे. डीबगरला तो ज्ञात नाही. म्हणून डीबगर निवाडा देऊ शकत नाही. तो केवळ साक्ष देतो : अमुक ओळीवर, अमुक क्षणी, अमुक घडले. निवाडा वाचकाने करावयाचा असतो.

साक्ष आणि निवाडा यांतील हे अंतर राखणे हीच या भाषांतराची खरी कसोटी आहे. जीडीबीचा सर्वाधिक परिचित संदेश 'प्रोग्रॅम रिसीव्ह्ड सिग्नल सिगसेगव्ही, सेगमेंटेशन फॉल्ट' हा आहे. परिभाषाकोशाच्या वळणाने याचे 'प्रोग्रॅममध्ये विभाजनदोष आढळला' असे भाषांतर सहज होईल. शब्दशः त्यात फारसे गैर दिसत नाही. वाक्य म्हणून मात्र ते खोटे आहे. मूळ वाक्य एक घटना नोंदविते : प्रोग्रॅमने परवानगी नसलेल्या स्मृतिस्थानाला हात घातला, कार्यप्रणालीने त्याला एक संकेत पाठविला आणि तो संकेत पोहोचताच डीबगरने प्रोग्रॅम थांबविला. 'आढळला' या क्रियापदाने शोध पूर्ण झाल्याचा आभास निर्माण होतो. 'दोष' या नामाने निर्णय दिला जातो. प्रत्यक्षात प्रोग्रॅम जेथे थांबला त्या ओळीत पुष्कळदा काहीच चुकलेले नसते. चुकीचा पत्ता कितीतरी आधी, दुसऱ्याच फंक्शनमध्ये तयार झालेला असतो. असे भाषांतर वाचणारा विद्यार्थी त्या निरपराध ओळीची दुरुस्ती करीत बसेल. 'प्रोग्रॅमला सिगसेगव्ही हा संकेत मिळाला : मनाई असलेल्या स्मृतिस्थानाला स्पर्श' हे वाक्य ओबडधोबड असेल, परंतु ते साक्षीच्या मर्यादेत राहते.

अन्य संदेशांतही हेच दिसते. एखाद्या चलाचे नाव विचारले असता 'नो सिम्बॉल' असे सांगणारा संदेश 'इन करंट कॉन्टेक्स्ट' ही मर्यादा आवर्जून जोडतो. 'या नावाचे चल अस्तित्वात नाही' असे सुटसुटीत भाषांतर ती मर्यादा गाळते. ते चल शेजारच्या फंक्शनमध्ये सुखरूप असू शकते. चालू संदर्भातून ते दिसत नाही, एवढेच मूळ विधान आहे. 'ऑप्टिमाइझ्ड आउट' या नोंदीचेही तसेच. 'मूल्य नष्ट झाले' असे म्हटल्यास वाचक ते कोणी नष्ट केले याचा शोध घेऊ लागेल. प्रोग्रॅम वेगवान व्हावा म्हणून कंपायलरने ते मूल्य वेगळे साठविण्याचे टाळले, असा तिचा आशय आहे. 'अनुकूलनात वगळले' हे भाषांतर त्याच्या निकट जाते. येथे अचूकपणाचा संबंध शब्दसौष्ठवाशी नाही. तो विधानाच्या व्याप्तीशी आहे.

३

संदेशांतील सत्तासंबंधांचा प्रश्नही याला जोडून येतो. तपासणीखाली असलेल्या प्रोग्रॅमच्या चालू रूपाला जीडीबी 'इन्फिरिअर' म्हणतो. तपासणी अर्धवट सोडून बाहेर पडू पाहणाऱ्याला तो बजावतो की, हा इन्फिरिअर 'किल' केला जाईल, आणि मग विचारतो : तरीही बाहेर पडावयाचे काय? 'कनिष्ठ' या शब्दाने येथे जातिव्यवस्थेपासून कार्यालयीन श्रेणीपर्यंतचे अनेक ध्वनी उमटतात. 'कनिष्ठ ठार केला जाईल' हे वाक्य मराठीत हास्यास्पद आणि भीषण अशी दोन्ही रूपे एकाच वेळी धारण करते. मूळ संज्ञेत तुच्छतेपेक्षा नियंत्रणाचा भाग अधिक आहे. म्हणून 'अधीन प्रक्रिया बंद पाडली जाईल' असे म्हणणे सयुक्तिक ठरते. 'बंद पडेल' मात्र चालणार नाही. ती आपोआप बंद पडत नाही, वाचकाच्या होकारामुळे पाडली जाते. आणि तो होकार देण्यापूर्वी त्याला आपले कर्तृत्व कळले पाहिजे. अकर्मक क्रियापदाच्या सोयीत हे कर्तृत्व हरवते. निवाडा वाचकाचा असेल, तर कृतीची जबाबदारीही त्याच्याकडेच स्पष्टपणे सोपविली गेली पाहिजे.

४

मीमांसकांनी वाक्यत्वासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांची अट घातली. संदेशाचे वाक्य या तिन्ही अटींची नव्याने परीक्षा घेते, कारण ते पूर्ण वाक्य नसून मोकळी जागा सोडलेला साचा असतो. फाईलचे, फंक्शनचे किंवा चलाचे नाव त्या जागी ऐनवेळी येऊन बसते. इंग्रजी वाक्याला या आगंतुकाचे लिंग विचारावे लागत नाही. मराठीत 'सापडला', 'सापडली' की 'सापडले' हे ठरविल्याशिवाय वाक्य संपत नाही. योग्यतेचा प्रश्न येथे व्याकरणाच्या पातळीवरच उभा राहतो. 'सापडत नाही' हे रूप लिंगभेदातून सुटका करते, पण त्याची किंमत मोजावी लागते : एकदा पूर्ण झालेल्या शोधाची वार्ता त्यातून चालू असलेल्या शोधाची होते. नामवर्ग उघड करणे हा त्याहून प्रामाणिक मार्ग होय. 'मेनमध्ये' असे न म्हणता 'मेन या फंक्शनमध्ये' म्हटले, की विभक्तीचा भार वर्गवाचक नाम उचलते आणि प्रोग्रॅममधील नाव अबाधित राहते. ते अबाधित राहणे आवश्यकच आहे, कारण वाचकाला तेच नाव पुन्हा जसेच्या तसे लिहावयाचे असते.

सन्निधीचा प्रश्न अधिक बिकट आहे. गेटटेक्स्टमध्ये एकाच वाक्यातील मोकळ्या जागांचा क्रम बदलता येतो. परंतु प्रोग्रॅम थांबल्याची वार्ता देताना थांब्याचा क्रमांक, फंक्शनचे नाव आणि फाईलमधील स्थान हे घटक वेगवेगळ्या ठिकाणांहून एकापाठोपाठ एक छापले जातात. इंग्रजीत त्यांचे वाक्यसदृश काही बनते, कारण तो क्रमच इंग्रजीचा आहे. मराठी भाषांतरकारापुढे हे तुकडे सुटे येतात, आणि क्रियापद शेवटी नेण्याचा अधिकार त्याला नसतो. अशा वेळी वाक्याचा हट्ट सोडून नोंदीचे रूप पत्करणे श्रेयस्कर. मोडके वाक्य वाचकाला स्वतःच्या भाषेविषयी साशंक करते; आटोपशीर नोंद तसे करीत नाही.

५

साहाय्य-मजकुराची समस्या निराळी आहे. त्यात काही शब्द अर्थासाठी येतात, तर काही शब्द स्वतःचा निर्देश करण्यासाठी. 'स्टेप' आणि 'नेक्स्ट' या आज्ञा आहेत. त्या टंकलिखित कराव्या लागतात, म्हणून त्यांचे भाषांतर होत नाही. इंग्रजी वाचकाला त्यांचे नाव काही अंशी स्वतःचे स्पष्टीकरण देते. मराठी वाचकाला ती चिन्हे पुष्कळशी यादृच्छिक असतात. सोस्यूरच्या परिभाषेत सांगावयाचे, तर मूळ संहितेतील अंशतः सहेतुक चिन्हे भाषांतरात निर्हेतुक होतात. हरवलेला हेतू पुरविणे हे साहाय्य-मजकुराचे कर्तव्य ठरते. 'स्टेप' पुढच्या ओळीवर जाते आणि वाटेत सबरूटीन लागले तर त्याच्या आत शिरते. 'नेक्स्ट' आत न शिरता ते सबरूटीन एकाच ओळीसारखे ओलांडते. 'शिरणे' आणि 'ओलांडणे' ही घरगुती क्रियापदे हा भेद कोणत्याही पारिभाषिक जोडीपेक्षा चांगला दाखवितात.

तथापि, घरगुतीपणा हा स्वयमेव गुण नव्हे. 'स्टॅक'साठी 'उतरंड' हा शब्द मोहक आहे : शेवटी ठेवलेले मडके आधी उचलावयाचे, ही कल्पना त्यात तयारच आहे. पण जीडीबीतील 'अप' ही आज्ञा नव्या फंक्शनकडून त्याला बोलावणाऱ्या जुन्या फंक्शनकडे नेते. उतरंडीच्या चित्रात जुने मडके तळाशी असते. चित्र आणि आज्ञा विरुद्ध दिशांना खेचू लागतात. मूळ साहाय्य-मजकूर वर-खालीचे स्पष्टीकरण न देता 'जिने हिला बोलावले ती चौकट' असा संबंध सांगतो. भाषांतरानेही त्या संबंधालाच धरून राहावे.

याच मजकुरात शोध घेण्यासाठी 'अ‍ॅप्रोपो' ही आज्ञा आहे. दिलेला शब्द ज्या आज्ञांच्या वर्णनात येतो, त्या आज्ञा ती दाखविते. ब्रेकपॉइंटसाठी 'थांबा' हा एस. टी.च्या प्रवाशाला परिचित शब्द योजला, तर वर्णनात तो 'थांब्यावर', 'थांब्याचा' अशा रूपांत येईल आणि 'थांबा' शोधणाऱ्याच्या हाती लागणार नाही. 'विरामबिंदू' हा जड शब्द मात्र 'विरामबिंदूवर' या रूपातही अक्षत राहतो. सामान्यरूप हा केवळ व्याकरणाचा विषय नसून तो शब्दनिवडीचा निकष कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. सोपा शब्द की जड शब्द, हा जुना वाद येथे कोणत्याही पक्षाच्या बाजूने आपोआप सुटत नाही.

६

या सर्व खटाटोपावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. मूळ इंग्रजी संदेश जगभरच्या प्रोग्रॅमरांची सामाईक खूण आहे. तो शोधला की त्यावरील चर्चा सापडते. भाषांतरित संदेश शोधणारा एकाकी पडतो. शिवाय संदेश वाचणारी काही यंत्रेही असतात. डीबगरचे इंग्रजी वाक्य ओळखून पुढील कृती करणारा दुसरा प्रोग्रॅम मराठी वाक्यापुढे गोंधळतो. यंत्रांसाठी जीडीबीत वेगळे संवादमाध्यम आहे, त्यामुळे दुसऱ्या अडचणीवर उपाय आहे. पहिली अडचण खरी आहे. तिचे उत्तर 'सिगसेगव्ही'सारखी संकेतनामे, आज्ञा आणि क्रमांक भाषांतरात अक्षरशः कायम राखणे हे आहे. त्या खुणांच्या आधारे वाचक सामाईक चर्चेपर्यंत पोहोचू शकतो. आणि आधी काय करावे असा प्रश्न असेल, तर साहाय्य-मजकूर आधी घ्यावा. तो शिकण्यासाठी वाचला जातो, आणि शिकण्याच्या जागी स्वभाषेचा लाभ सर्वाधिक असतो.

भाषांतरच न करण्याचा पर्याय मात्र दिसतो तितका तटस्थ नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी संदेश बहुधा वाचत नाही, ओळखतो. ओळख पटली की 'काहीतरी चुकले' एवढाच अर्थ घेऊन पुढे जातो. म्हणजे साक्षीचा निवाडा तो स्वतःच, न वाचता, करून टाकतो. चांगले मराठी भाषांतर त्याला पुन्हा साक्ष ऐकावयास लावते : काय घडले, कोठे घडले, आणि काय अद्याप ठाऊक नाही. वाईट भाषांतर त्याच्या घाईला मराठीत अधिकृत रूप देते. प्रतिशब्दांची यादी या दोहोंतील भेद दाखवू शकत नाही, कारण दोहोंतील शब्द पुष्कळदा तेच असतात. तो भेद क्रियापदाच्या रूपात, मर्यादा दाखविणाऱ्या एखाद्या पदात, कर्त्याच्या उल्लेखात किंवा अनुल्लेखात असतो. मराठीतील व्यावहारिक भाषांतराची समीक्षा यापुढे कोशाकडून वाक्याकडे वळावयास हवी, ती यासाठी.