उगमांची यादी आणि जे डिलाची रचना

जे डिला (जेम्स यान्सी, 1974–2006) या डेट्रॉइटच्या हिप-हॉप निर्मात्याविषयीचे लेखन बहुधा उगमांच्या यादीपाशी थांबते: वडिलांचे जॅझ, आईचे ऑपेरा-गायन, मोटाउनचे सोल, ब्राझीलचा बोसा नोव्हा, क्राफ्टवर्कचे यंत्रसंगीत. यादी खरी आहे. मात्र तिच्यातून कलाकृती निसटते. साहित्यातील प्रभाव-अभ्यासालाही हा दोष अपरिचित नाही.

‘डोनट्स’मधील (2006) ‘डोन्ट क्राय’ ही रचना या संदर्भात पाहण्याजोगी आहे. ‘द एस्कॉर्ट्स’ या वृंदाचे जुने सोल गीत तीत प्रथम जवळजवळ जसेच्या तसे ऐकू येते. मग त्याचे अक्षराएवढे तुकडे होतात आणि त्यांतून निराळीच चाल बांधली जाते. उगम श्रोत्यासमोर ठेवूनच मोडला जातो. शिवाय ते गीतही एस्कॉर्ट्सचे स्वतःचे नव्हे. ते स्मोकी रॉबिन्सन आणि मिरॅकल्स यांनी आधी गायिलेले. न्यू जर्सीच्या तुरुंगात बंदिवानांनी उभारलेल्या या वृंदाने ते आपलेसे केले होते. मग ‘मूळ’ कोणते मानावयाचे?

लयीबाबतही डिलाने यंत्राची मात्रा-दुरुस्ती बंद ठेवली, एवढे स्पष्टीकरण अपुरे पडते. सरळ आणि झुलती अशा दोन लयी तो एकाच वेळी चालवतो, हे डॅन चार्नस यांनी ‘डिला टाइम’मध्ये (2022) साधार दाखविले आहे. ‘द फारसाइड’साठी केलेल्या ‘रनिंग’मध्ये (1995) लुईझ बोन्फाची गिटार आपली ब्राझिली चाल सोडत नाही, आणि खालचे ढोलही तिच्यासाठी मृदू होत नाहीत.