मास्क घालूनही?

एस्वाइन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा पेपर परवा तिसऱ्यांदा वाचला. अमेरिकेत फ्रॅकिंग करताना विहिरीत पाण्याबरोबर टनावारी वाळू सोडतात. ती हाताळताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, आणि तिचे सगळ्यात बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. या मंडळींनी पाच राज्यांतल्या ११ ठिकाणी कामगारांच्या नाकातोंडाजवळच्या हवेची १११ सॅम्पल घेतली. नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस आहे घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमची. ६८.५ टक्के सॅम्पल त्याच्या वर!

एका सेमिनारमध्ये मी हाच आकडा 'इतक्या कामगारांना सिलिकोसिस' असा ठोकून दिला होता. पेपरमध्ये एकही एक्स-रे नाही. मोजलीय ती धूळ, आजार नाही. जुनाट सिलिकोसिस दिसायला बहुतेकदा दहा वर्षं किंवा जास्त लागतात.

पेपरचं खरं बळ मला वेगळ्याच ठिकाणी वाटतं. काही सॅम्पल मर्यादेच्या दहा पटींहूनही वर गेली. आता अर्धा चेहरा झाकणारा मास्क नीट बसला, तर आतली धूळ बाहेरच्या एक दशांशावर येते असं धरतात. भागाकार करून बघा. मास्क लावूनही माणूस मर्यादेबाहेरच.

तक्रार एकच. ही ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत, कंपन्यांच्या सहकार्याने मिळालेली आहेत. ज्यांनी दारच उघडलं नाही त्यांच्याकडे काय होतं? म्हणून ६८.५ टक्के हा आकडा त्या ११ ठिकाणांचा, अख्ख्या उद्योगाचा नाही. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत तसंच लिहा.