जेर महालाचा तळमजला

मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमाकडे पाठ करून उभं राहिलं की जेर महाल दिसतो. नावात महाल असला तरी बघायला ही चाळीची थोरली बहीण. एकावर एक लाकडी गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, खाली दुकानांची रांग. त्या रांगेत १९०४ सालापासून कयानी हे इराणी हॉटेल आहे. (पुणेकरांनी लगेच श्रूजबरी आठवू नये, ती कयानी निराळी.) लोक खीमापाव खातात, मावा केक बांधून घेतात आणि वर न बघता चालू लागतात. इमारत अर्धीच वाचली जाते ती अशी.

खालून सुरुवात करू. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी मुंबईचे नाके धरले. नाक्यावरची जागा लाभत नाही अशी हिंदू व्यापाऱ्यांची समजूत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. पण लाभत नाही म्हणावं असं त्या जागेत काय होतं? दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन बाजूंचा उजेड! शिवाय इराणी म्हणजे निव्वळ हॉटेल नव्हे. चहा पिऊन उठताना गल्ल्यावरूनच अंडी, पाव, साबण, काड्यापेटी घेऊन माणूस घरी जायचा. वाण्याचं अर्धं काम इराणीच करी.

कयानीत आजही आधी बरण्यांकडे नजर जाते. नानकटाई, खारी, बटर, सगळं काचेआड. मेजांवर चौकटीचं कापड, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, डोक्यावर भरपूर उंची आणि त्या उंचीत बसवलेला लाकडी माळा. एका चहावर एकटा माणूस बराच वेळ बसला तरी त्याला अवघडल्यासारखं होत नाही. या जागेतला सगळ्यात मोलाचा गुण मला हाच वाटतो, आणि त्याचं कारण वरच्या मजल्यांवर आहे.

वर गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहायच्या खोल्या. बोटीवर नोकरी शोधायला, नाहीतर बोट लागेपर्यंत थांबायला आलेला गडी आपल्या गावच्या कुडात उतरायचा. तिथे त्याची मालमत्ता म्हणजे भिंतीशी लावलेली पेटी आणि तिच्यापुढे अंथरूण पसरण्याएवढी जमीन. गावच्या संताची वेदी, संध्याकाळची तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कडक नियम. निजायची, प्रार्थनेची सोय झाली. पण पाहुण्याला बसवायचं कुठे, पेपर वाचायचा कुठे, नुसतं स्वस्थ बसायचं कुठे? घराची बैठकीची खोली जिन्याखाली गेली आणि ती इराण्याने चालवली, असं मी जेर महाल वाचतो. याच इमारतीत फुर्टाडोंचं वाद्यांचं दुकानही आहे. गोव्याने मुंबईला बँडवाले किती पुरवले हे ठाऊक असलेल्याला त्याचं नवल वाटायचं नाही.

जवळच बस्तानी हे दुसरं इराणी हॉटेल होतं, ते बंद पडलं. तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी कविता केली, म्हणून साहित्यिक मंडळी त्याच्यासाठी जास्त हळहळतात. कयानीवर कविता नसली तरी मागे स्वतःची भट्टी आहे. मावा केक कागदासकट उचलावा, वेलदोड्याचा वास आधी घ्यावा आणि सोबत ‘पानी कम’ चहा सांगावा. खारीचं कौतुक मला जरा अतीच वाटतं.