देवदूत, दानव आणि हवाई छत्री

रहस्यपटाने अशक्य ते दाखवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. प्रेक्षकाने घटकाभर खोट्याला खरे मानावे, हा तर त्या प्रकाराचा अलिखित करारच होय. मात्र खोटेही नेटके असावे लागते. रॉन हॉवर्ड यांचा ‘एंजल्स अँड डीमन्स’ (२००९) तेथेच फसतो.

डॅन ब्राऊन यांच्या कादंबरीवर बेतलेल्या या कथेत पोप निवर्तले आहेत आणि नव्या पोपच्या निवडीसाठी कार्डिनल जमले आहेत. त्यांतील चौघांचे अपहरण होते. तासागणिक एकाची हत्या होणार आणि मध्यरात्री, सर्न प्रयोगशाळेतून चोरलेले प्रतिद्रव्य व्हॅटिकन उद्ध्वस्त करणार! प्राध्यापक लँग्डन (टॉम हँक्स) बर्निनीच्या शिल्पांचा माग काढीत रोम पालथे घालतो. ते नगरदर्शन मनोहर आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण दुवा ओढावा तो तुटतो. ज्या इल्युमिनाटी पंथात गॅलिलिओला बसवले आहे, तो बव्हेरियात १७७६ साली स्थापन झाला. गॅलिलिओ १६४२ मध्येच मरण पावला होता. सर्नमध्ये आजवर निर्माण झालेल्या साऱ्या प्रतिद्रव्यावर एक दिवा काही मिनिटेच जळेल, असे ती संस्थाच सांगते. शेवटी पोपपश्चात कारभार पाहणारा तरुण कॅमर्लेंगो (इवन मॅकग्रेगर) स्फोटक घेऊन हेलिकॉप्टर आकाशात नेतो, हवाई छत्रीने खाली उतरतो आणि भारावलेले कार्डिनल जयघोषानेच त्याला पोप करू पाहतात. जयघोषाने निवड करण्याची ती पद्धत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच रद्द केली होती.

तरीही आमची खरी निराशा निराळी आहे. हा कॅमर्लेंगोच मूळ गुन्हेगार निघतो. विज्ञानापुढे श्रद्धा टिकणार नाही, या भयाने त्याने पोपचा खून करून सारे कुभांड रचलेले असते. केवढा गंभीर विषय! देवाच्या रक्षणासाठी असत्याचा आधार घेण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंनाही परका नाही. गॅलिलिओच्या बाबतीत तत्कालीन धर्मपंडितांची चूक झाल्याचे पोपनी १९९२ मध्ये मान्य केले. विश्वाच्या महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र तर स्वतः धर्मगुरू होते. भ्यालेल्या श्रद्धेचे अंतरंग उलगडण्याची संधी दिग्दर्शकाच्या हाती होती. ती त्यांनी एका हवाई छत्रीसाठी दवडली.

आमच्या तरुणांनी हा चित्रपट पाहिल्याने ख्रिस्तसभेचे काही बिघडणार नाही. व्हॅटिकनच्या दैनिकानेही त्याला निरुपद्रवी करमणूकच म्हटले होते. पालकांनी तो पाहण्यास मनाई करू नये. पाहून झाल्यावर मुलांना जवळ बसवून एवढेच विचारावे : सत्याला भिणारी श्रद्धा नेमकी कोणाची राखण करते?